नागपूरच्या आसपास दडलेला प्राचीन प्रदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरवलेली भूमी म्हटली की समुद्रात बुडालेली नगरे किंवा हिमालयातल्या गुप्त दऱ्या डोळ्यांसमोर येतात. नागपूरकरांना एवढे लांब जायची गरज नाही. काटोल रोडवरच्या वावरात, मनसरच्या टेकडीत आणि वैनगंगेच्या काठावर तीन हजार वर्षांचे धर्म एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. लोक त्यांच्याबद्दल वारंवार जे विचारतात, त्याची ही उत्तरे.

नागपूरजवळ सर्वांत जुने धार्मिक अवशेष कोणते?

शिळावर्तुळे. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली ही दफनस्थाने साधारण इ. स. पूर्व १००० ते ३०० या काळातली आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड आणि भागीमोहारी ही त्यातली ठळक नावे. जुनापाणी शहराच्या वायव्येला काटोल रोडच्या बाजूला आहे आणि एकाच परिसरात तिथे सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये ती उकरली, पुढे १९६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पद्धतशीर उत्खनन केले. विदर्भातल्या या संस्कृतीचे चित्र पुरे झाले ते मुख्यतः डॉ. शां. भा. देव यांच्या टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड इथल्या कामामुळे.

शिळावर्तुळ ओळखायचे कसे? शेतात धोंडे तर कुठेही असतात.

असतातच, म्हणून घाई करू नका. आधी धोंड्यांचा आकार बघा. शेत साफ करताना धुऱ्यावर टाकलेले दगड लहान-मोठे आणि ओळीत किंवा ढिगात असतात. वर्तुळातले धोंडे बहुधा सारख्या मापाचे, एका माणसाला न हलणारे, आणि जमिनीत थोडे रुतलेले असतात. मग मधोमध उभे राहा. आतली जागा बाहेरच्या जमिनीपेक्षा किंचित उंच आणि गोटे-मुरुमाने भरलेली जाणवते, कारण प्रेत किंवा अस्थी ठेवल्यावर वर माती आणि गोट्यांची भर घातलेली असते. शेवटी व्यास मोजा. दोरीचे एक टोक मध्याशी धरून प्रत्येक धोंड्यापर्यंत ताणले, तर अंतर जवळजवळ सारखे येते. साधारण दहा ते पंधरा मीटर व्यासाची वर्तुळे बरीच दिसतात.

आता धोंड्याच्या पृष्ठभागाकडे या. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, कधी एका ओळीत, कधी दोन ओळींत. भर दुपारी ते दिसतच नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर तिरपा उजेड पडला, की प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावलीची कोर उमटते आणि ओळ एकदम उठून दिसते. बोट फिरवून बघितले तर कड गुळगुळीत लागते. पाण्याने झिजलेला खड्डा वेडावाकडा आणि एकटा असतो, हा फरक लक्षात ठेवा.

डिसेंबर ते एप्रिल हा पाहण्याचा काळ. पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते, वर्तुळ झाकले जाते आणि साप-विंचवाची भीतीही असते.

आत काय सापडते? आणि हे धर्माचे अवशेष कसे?

काळी-तांबडी खापरे, लोखंडी खंजीर, चपट्या कुऱ्हाडी, छिन्न्या, कुदळी, तांब्याची कडी, मौल्यवान दगडांचे मणी. सर्वांत बोलका पुरावा घोड्यांचा. विदर्भातल्या अनेक वर्तुळांत घोड्याची हाडे मिळाली आणि माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. मेलेल्या माणसासोबत सजवलेला घोडा पुरणे हा नुसता विल्हेवाटीचा प्रकार नव्हे. मेल्यानंतरही प्रवास आहे, तिथे वाहन आणि हत्यार लागेल, अशी श्रद्धा त्यामागे असणार. माणसाच्या अस्थी मात्र पुष्कळदा थोड्या आणि विस्कळीत असतात. आधी उघड्यावर ठेवून मग निवडक अस्थी पुरण्याची रीत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या लोकांना 'रानटी' म्हणण्याआधी नायकुंड आठवा. पेंच नदीकाठच्या या गावात लोखंड गाळायची भट्टी मिळाली, तिच्यासोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळी. इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपास इथे कच्चा धातू वितळवला जात होता.

ही वर्तुळे म्हणजे आकाश पाहण्याची वेधशाळा होती का?

सरसकट नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी जुनापाणीच्या खळगे असलेल्या धोंड्यांच्या दिशा मोजल्या, तेव्हा ते धोंडे वर्तुळाच्या मध्यापासून ठरावीक दिशांनाच जास्त येतात असे दिसले. सूर्याशी त्याचा संबंध असण्याची शक्यता त्यावरून मांडली गेली. दफनात दिशा पाळणे आणि वेधशाळा बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही आपण प्रेताचे डोके कुठे करायचे ते बघतोच की.

गोंडवाना ही खरोखर हरवलेली भूमी आहे का? लेमुरियाचे काय?

गोंडवाना खरी, लेमुरिया नाही. फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये लेमुरिया नावाचे बुडालेले खंड कल्पिले, कारण मादागास्करच्या लेमूर प्राण्यांचे भारताशी नाते कसे लावायचे ते त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रकारे सुटत नव्हते. खंडे सरकतात हे कळल्यावर बुडालेल्या जमिनीची गरजच उरली नाही. तरी ते नाव पुढे तमिळ पुराणकथांशी जोडले गेले आणि आजही व्हिडिओंत फिरते.

गोंडवाना हे नाव मात्र आपल्या मातीतले. गोंडांच्या या मुलखातल्या खडकांच्या थरांना मेडलीकॉट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये 'गोंडवाना' म्हटले. त्याच नावावरून एदुआर्द झ्यूस याने १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या जोडलेल्या खंडांना 'गोंडवाना-लँड' नाव दिले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकेकाळी सलग होते. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे या सगळ्या खंडांवर मिळतात, हा त्याचा मोठा पुरावा. कामठी आणि उमरेडचा कोळसा त्याच काळातला आहे. म्हणजे जगभरच्या पाठ्यपुस्तकातल्या एका लुप्त महाखंडावर आपल्या शेजारच्या आदिवासी समाजाचे नाव कोरलेले आहे. नागपूर वसवले गेले तेही देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या हातून, १७०२ मध्ये.

स्टीफन हिस्लॉप यांचा या सगळ्याशी संबंध काय?

हिस्लॉप कॉलेजमुळे नाव सर्वांना माहीत आहे, काम फार थोड्यांना. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी धर्मप्रसारासाठी आले आणि दगडांत रमले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरच्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली आणि त्यांतच गोंडांचा धर्मसंस्थापक लिंगो याचे गीत पहिल्यांदा कागदावर आले. ख्रिस्ती धर्मगुरूच्या वहीत गोंडांचे धर्मगीत टिकून राहिले, ही आपल्याकडची फार मोलाची गोष्ट आहे.

लिंगोच्या गीतातली कोंडलेली गुहा खरी आहे का?

गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. काचीकोपा लोहागड हे नावही गीतात येते. आज गोंड समाज त्या गुहेची जागा गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातील कचारगड मानतो. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्यप्रदेश आणि तेलंगणातूनही लोक येतात. यात्रेच्या परंपरेत कली कंकाली माता, जंगो रायताड आणि किंगरी वाजवणारा हिरासुका यांनाही मान आहे.

छापील गीतातली कथा आणि यात्रेत ऐकू येणारी कथा हुबेहूब जुळत नाहीत. त्यातली एक खोटी ठरवण्याचा मोह टाळा. एकाने एका गायकाकडून एका वेळी लिहून घेतलेले असते, दुसरीकडे हजारो घरांत ते चालत आलेले असते. जायचे असेल तर नागपूर-रायपूर मार्गावरचे दरेकसा स्टेशन जवळ पडते. चढ जंगलातला आहे, पायात बूट हवेत. हे देवस्थान आहे, सहलीचे ठिकाण नव्हे, एवढे भान ठेवले की पुरे.

वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन नेमकी कुठे?

वाकाटक हे पाचव्या शतकाच्या आसपास विदर्भावर राज्य करणारे राजघराणे. त्यांची राजधानी म्हणजे रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवरचे नगरधन. नावातच उत्तर दडले आहे: नंदिवर्धनचे घासत घासत नगरधन झाले. आज तिथे दिसतो तो किल्ला बराच नंतरचा, भोसल्यांच्या काळात डागडुजी झालेला. आतल्या बारवेत जमिनीखाली देवीचे ठाणे आहे, ते बघायला विसरू नका.

राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ दरम्यान इथे खोदकाम केले. त्यात मातीची एक मुद्रा मिळाली. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन सहा-साडेसहा ग्रॅम. म्हणजे तळहातावर ठेवली तर सुपारीपेक्षा जड लागणार नाही. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ता हे नाव आणि शंखाचे चिन्ह आहे.

प्रभावतीगुप्ता एवढी महत्त्वाची का?

पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर विदर्भाचे राज्य एका बाईने चालवले, म्हणून. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची मुलगी. वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याच्याशी तिचे लग्न झाले. तो लवकर गेला, मुले लहान होती, आणि तिने मुलांच्या वतीने कारभार हाती घेतला. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे होता. त्यात ती आधी आपल्या माहेरची वंशावळ सांगते. दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. त्यात दान दिले आहे ते रामगिरीस्वामीच्या पायांपाशी.

धर्माच्या अंगाने पाहिले तर यात एक गंमत आहे. सासरचे वाकाटक बहुतेक शैव, माहेरचे गुप्त वैष्णव, आणि राणी विष्णुभक्त. रामटेकच्या टेकडीवर नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम एकदम का अवतरले, हे या लग्नाकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

वाकाटकांच्या तारखा इतक्या अंदाजे का असतात?

ते कोणताही संवत वापरत नसत. 'राजाच्या राज्याचे तेरावे वर्ष' एवढेच लिहीत. त्यामुळे गुप्तांच्या तारखांवर टेकू द्यावा लागतो. अपवाद एकच: वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा शिलालेखात शक ३८० दिले आहे. शकात ७८ मिळवले की इ. स. ४५८. वाकाटक शाखांची सारी कालगणना ज्या खुंटीला टांगलेली आहे, तिच्यातली ही एक. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व लेख एकत्र करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. आजही कुणी या विषयात पाऊल टाकतो, तो आधी तिकडेच जातो.

रामटेक म्हणजेच कालिदासाचा रामगिरी का?

मेघदूतातल्या यक्षाने आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग पाहिला तो रामगिरीवर. छत्तीसगडमधल्या सरगुजाच्या रामगढचाही दावा आहे. रामटेकची बाजू भक्कम होते ती वर सांगितलेल्या ताम्रपटामुळे. रामगिरीस्वामी नावाचे देवस्थान पाचव्या शतकात इथे होते आणि मेघदूतातला रामगिरीही रामाच्या पावलांनी पवित्र झालेला आहे. मिराशींनी रामटेकचा पक्ष लावून धरला आणि आम्हालाही तो पटतो. कवीने ज्या टेकडीला पावलांची खूण दिली, तिथल्याच पावलांसमोर राणी दान देते, हा योगायोग म्हणायला जीव धजावत नाही.

मात्र आज शिखरावर दिसणारी राम-लक्ष्मणाची देवळे कालिदासाने पाहिलेली नव्हेत. ती यादवकाळातली, तेराव्या शतकातली. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे. पुढे पहिल्या रघुजी भोसल्यांनी देवस्थान पुन्हा उभे केले. वाकाटककाळ बघायचा असेल तर पाय वेगळीकडे वळवावे लागतात:

केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन बुटकी, चौकोनी, शिखर नसलेली देवळे. आत गुडघा उभा ठेवून बसलेला, हाती चक्र घेतलेला अजस्र नरसिंह. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा लेख चुन्याच्या लेपाखाली दडला होता, तो १९८० च्या दशकात लेप काढताना उघडा पडला. ओळींचा बराच भाग नष्ट झाला आहे, तरी प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधले असे त्यावरून वाचले जाते.

वराह हा पूर्ण डुकराच्या रूपातला, चार पायांवर उभा. त्याच्या पोटाखालून सरपटत गेले की पाप उतरते, अशी लोकांची श्रद्धा. त्रिविक्रमाचे देऊळ पडले आहे, मंडपाचे खांब आणि एक मूर्ती उरली आहे. भोगरामाच्या देवळात महानुभाव पंथाचे लोक चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची जागा म्हणून दर्शनाला येतात. टेकडीखाली जैनांचे शांतिनाथ आहेत. एक टेकडी, आणि प्रत्येकाचे पाय वेगळ्या दारी टेकतात.

मनसर बौद्ध की शैव?

हा प्रश्न नागपुरात तावातावाने विचारला जातो, म्हणून सविस्तर.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर आणि पायथ्याशी १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा या पुरातत्त्वज्ञांनी नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेतर्फे मोठे उत्खनन केले. नागपूरचे बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई यांची धारणा ही की महायान आचार्य नागार्जुनांचे हे स्थान. रामटेक परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडीही आहे. उत्खननकारांनी खालच्या थरांत बौद्ध वास्तू नोंदवल्या. वरच्या थरांत मात्र विटांचे भव्य शिवमंदिर निघाले. 'प्रवरेश्वर' हे नाव असलेली मुद्राही मिळाली. प्रभावतीच्या मुलाने, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने, वसवलेले प्रवरपूर ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. १९७२ मध्ये इथे सापडलेली शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बसलेला, गुबगुबीत, जटेत चंद्रकोर असलेला हा शिव भारतातल्या श्रेष्ठ मूर्तींत गणला जातो.

सर्वांत थरारक वस्तू म्हणजे विटांच्या बांधकामाखाली खड्ड्यात निजवलेली चुन्याची मानवाकृती. उत्खननकारांनी तिचा संबंध पुरुषमेधाशी लावला, म्हणजे खऱ्या माणसाऐवजी चुन्याचा पुरुष. इतरांनी तिला वास्तुपुरुषाच्या बाजूने पाहिले. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: पायात माणूस घातल्याशिवाय बांधकाम टिकत नाही ही समजूत.

मग बौद्ध की शैव? प्रश्नच 'कोणत्या थरातले' असा हवा. एका जागी दोन धर्म एकामागून एक, कधी शेजारी शेजारी नांदले. वरचा थर खरा म्हणून खालचा खोटा होत नाही. जाऊन बघाल तेव्हा विटा मोजा: चाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट. पायाने त्यांवर चढू नका. उघडी पडलेली जुनी वीट पावसाळ्यात पाणी पिते, उन्हाळ्यात तडकते, आणि मग एका पावलाने तिचा भुगा होतो.

पवनीला एवढे काय आहे?

भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेकाठचे हे तटबंदीचे गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी खोदली, तेव्हा दोन्हींत स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सुमारे ४१ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही जास्त. कठड्याच्या खांबांवर बोधिवृक्ष, धर्मचक्र आणि बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला आहे. दात्यांची नावे ब्राह्मीत आहेत. टेकड्यांची नावे पाहा: एक जगन्नाथाची, एक सुलेमानची, पोटात दोन्हींच्या बुद्ध.

अडम हे नाव क्वचितच ऐकू येते. ते काय?

कुही तालुक्यातले तटबंदी असलेले प्राचीन नगर. १९८८ ते १९९२ दरम्यान तिथे उत्खनन झाले. 'अस्सकजनपदस' अशी अक्षरे असलेली मुद्रा मिळाली. अश्मक हे बौद्ध ग्रंथांतल्या सोळा महाजनपदांपैकी दक्षिणेतले एकमेव. ग्रंथातले नाव मातीत उमटलेले दिसणे दुर्मीळच. त्याच तालुक्यातल्या मांढळला वाकाटककाळातल्या विलक्षण शिवमूर्ती निघाल्या. त्यांपैकी एका मूर्तीच्या मांड्यांवरही मुखे आहेत.

नागपूर नावातला नाग कोण? दीक्षेसाठी नागपूरच का?

नाग नदी तर आहेच. पण नाव बख्त बुलंद शाहपेक्षा जुने आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या देवळी ताम्रपटात, शक ८६२ म्हणजे इ. स. ९४० मध्ये, 'नागपुर-नंदिवर्धन' असा विभाग येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून इथे धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडले ते स्वतः सांगितले: भारतात बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती, आणि इथून वाहते ती नाग नदी. कुणाला खिजवण्यासाठी ही जागा निवडली नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या भाषणाच्या तेरा वर्षांनंतर पवनीच्या मातीतून मुचलिंद नाग वर आला. दीक्षाभूमीच्या भव्य स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा आतून पोकळ असून लोक त्यात शिरून वंदन करतात.

महानुभावांची 'गुप्त लिपी' खरोखर गुप्त होती?

हो, सुमारे सहाशे वर्षे. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या जात. अक्षरांची अदलाबदल आणि खुणा यांची किल्ली पंथातच राहत असे. चक्रधरांच्या लीळा सांगणारा मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र त्यामुळे बाहेरच्यांच्या नजरेआड राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महंतांच्या मदतीने किल्ली बाहेर आली. पुढे नागपुरात ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या संपादनात आयुष्ये घातली. पंथाचे मूळपीठ असलेल्या रिद्धपूरलाच आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.

एका दिवसात काय पाहता येईल?

सकाळी सहाला जबलपूर रोडने निघा. मनसर ४५ किलोमीटरच्या आसपास. टेकडी आणि पायथ्याचे अवशेष यांना दोन तास. ऊन चढायच्या आत रामटेक गाठा. आधी नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम, मग वरची देवळे, कारण वर गर्दी नेहमीच असते. वानरे हातातली पिशवी ओढतात, प्रसाद दप्तरात बंद ठेवा. दुपारी जेवून नगरधन. अजब बंगला म्हणजे सिव्हिल लाइन्समधले १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय वेगळ्या दिवशी ठेवा, सोमवारी ते बंद असते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि एक विजेरी. मे महिन्यात हा बेत करू नका.

शिलालेखाचा फोटो नीट येत नाही. खडू लावला तर चालेल का?

नाही. खडू, पीठ, हळद, तेल, शेंदूर काहीही नको. ते अक्षरांच्या खाचांत बसते, पाणी धरून ठेवते आणि दगडाची कपची निघते. त्याऐवजी विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा आणि एकामागून एक चारही दिशांनी उजेड टाकून चार फोटो काढा. एका फोटोत न दिसलेली रेघ दुसऱ्यात येते. शेजारी मोजपट्टी ठेवा. अभ्यासक 'ठसा' घेतात तो असा: दगड पाण्याने आणि ब्रशने धुवायचा, ओला कागद चिकटवायचा, दाट केसांच्या ब्रशने ठोकून तो खाचांत बसवायचा, आणि किंचित ओलसर असतानाच बोळ्याने शाई थोपटायची. अक्षरे पांढरी, बाकी काळे. कागद फार ओला असेल तर शाई फुटते, फार सुकला तर सुटून येतो. संरक्षित स्मारकावर हे परवानगीशिवाय करता येत नाही.

शेतात नांगरताना मूर्ती, नाणी किंवा ताम्रपट मिळाला तर?

आहे तिथेच थांबा. वस्तू धुऊ-घासू नका. ताम्रपट चिंचेने उजळवला की अक्षरांची कडच जाते. जागेचा फोटो घ्या, किती खोल आणि कोणत्या धुऱ्यापासून किती पावलांवर ते लिहा. वस्तू जागेवरून हलली की तिचे अर्धे बोलणे बंद होते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तलाठ्यामार्फत अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती नोंदणीशिवाय बाळगणे किंवा बिनपरवाना विकणे गुन्हा आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते.

गावाची 'पांढर' विशेष जपा. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची राखट माती, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक होते. ही पांढरी माती खत म्हणून, भिंती लिंपायला म्हणून उकरून नेली जाते आणि हजार वर्षांचे गाव चार उन्हाळ्यांत गाडीभर गाडीभर निघून जाते.

किल्ल्यातल्या भुयाराने रामटेकला जाता येते आणि खाली खजिना आहे, हे खरे का?

असे भुयार प्रत्येक किल्ल्याला लावले जाते. प्रत्यक्षात दिसते ते बारवेचे दार, सांडपाण्याचा नाला किंवा धान्याचे तळघर. पुढे छत कोसळलेले असते, म्हणून 'पुढे कुठे जाते ते कुणाला माहीत नाही' ही कथा टिकते. आत शिरू नका, हवा कोंडलेली असते.

खजिन्याच्या आशेने होणाऱ्या खोदकामाने मात्र आपले फार नुकसान केले आहे. शिळावर्तुळाच्या मधोमध ताजा खड्डा दिसला तर तो बहुधा याचाच. आत सोने नसते, गंजलेले लोखंड आणि खापरे असतात, ती फेकली जातात. खरा ठेवा कसा असतो ते बालाघाटच्या गुंगेरियाला १८७० मध्ये दिसले: ४२४ तांब्याच्या वस्तू आणि शंभरावर चांदीचे पातळ पत्रे, त्यात बैलाच्या डोक्याच्या आकाराचे, शिंगे वळलेले पत्रे. त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत. तिथल्या काचेपाशी उभे राहिले की बैलाची ती शिंगे पूजेतली असावीत असेच वाटत राहते.